मामांची ५८ सीसी चेनसॉ, तिसरा रविवार: सिलिंडर वाचतोय

हत्तूरच्या शेतावर बाभळीचं खोड कापताना इंजिन पकडलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, ते मागच्या नोंदीत लिहिलंच आहे. मफलर काढून पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकातून, टॉर्च मारली, तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे चरे. इनटेकची, म्हणजे पेट्रोल-हवा आत येण्याची, बाजू स्वच्छ.

अक्कलकोट रोडचे लेथवाले म्हणाले, "बोअर टाकू, ओव्हरसाइज पिस्टन घाला." म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा आणि मोठा पिस्टन घालायचा. येझदी-राजदूतला ते बरोबर आहे, तिथे बीड असतं. या सिलिंडरला आतून बिडाचा लायनर, म्हणजे बिडाची नळीच नाही. सगळं ॲल्युमिनियम, आणि आत कडक धातूचा पातळ मुलामा. बोअर टाकला की मुलामाच जाणार. तसाच परत आणला.

घरी आतून नख फिरवलं. नख अडकत होतं, पण खाली उतरत नव्हतं, वर चढत होतं! म्हणजे सिलिंडर कोरला गेलेला नाही, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून त्याच्यावर चिकटलंय. तिथेच जीव भांड्यात पडला.

आज सकाळी सातलाच गच्चीवर बसलो, ऊन चढलं की ॲसिडची वाफ सहन होत नाही. हातमोजे, चष्मा, आणि फरशी धुवायचं ॲसिड. कानकाडीने फक्त चिकटलेल्या पट्ट्यांवर लावायचं, पोर्टच्या कडांना अजिबात नाही, तिथे ॲल्युमिनियम उघडं असतं. लावलं की करडा फेस येतो. पुसायचं, परत लावायचं. सातव्या वेळेला फेस थांबला. पट्टी गेल्यावरही एखाद्या जागी फेस येतच राहिला, तर तिथला मुलामा फुटलाय असं समजून लगेच थांबा. माझ्याकडे तसं झालं नाही. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी, तेल. शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर हाताने तिरपा-उलटा तिरपा. पोर्टखाली एक बारीक रेघ उरलीय, नखाला लागत नाही. तिला हात लावणार नाही.

कारणही सापडलं. मामा पेट्रोलच्या लिटरला ४० मिली ऑइल मोजूनच घालायचे, ऑइल कमी पडलं असा मी उगाच त्यांच्यावर संशय घेतला. कार्बोरेटरमागचा रबरी बूट वाकवला, तर खालच्या अंगाला चीर! तिथून जादा हवा आत, मिश्रण पातळ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, पिस्टन तापला. हा बूट न बदलता नवा पिस्टन घातला असता तर तोही गेला असता.

पिस्टनची नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधल्या फटीला फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावला, ०.२५ मिमी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, हे बसवताना विसरू नका.

बूट आला की जोडणी. पहिल्या दोन टाक्या कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त वेगाला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) थोडा मोकळाच ठेवणार आहे.