पणतीच्या आचेवर एलईडी: पावसाळ्यातल्या गोव्यासाठी थोडा हिशेब

पहिल्या पावसाचा वारा सुटला की डिचोली-सत्तरीकडे कुठेतरी झावळ नाहीतर फणसाची फांदी तारेवर पडते आणि दिवे जातात. तासाभरात आले तर कुणी बोलतही नाही. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा काही गावांनी वीज यायची दिवसच्या दिवस वाट पाहिली. पॉवर बँक दुसऱ्या रात्री संपते. सौर कंदिलाला ढगाळ आभाळ जेमतेम काही देते. घरात उरते ते खोबरेल, वात आणि पागोळ्यांचे पाणी. या तिघांवर एलईडी पेटतो. यातले पाणी बहुतेक लोक विसरतात आणि मग "असले काही चालत नाही" म्हणून मोकळे होतात.

तत्त्व जुने आहे. दोन वेगळ्या धातूंच्या जोडाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की विद्युतदाब तयार होतो. थॉमस सेबेकने हे १८२१ मध्ये दाखवले. आज मिळणाऱ्या चार बाय चार सेंटिमीटरच्या मॉड्यूलमध्ये (अशा जोडांच्या तयार चकतीत) बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या सिरॅमिकच्या दोन पातळ फरश्यांमध्ये बसवलेल्या असतात. रशियात १९५०च्या दशकात रॉकेलच्या दिव्याच्या काचेवर असे जोड आणि थंडाव्यासाठी धातूची मोठी उभी पाती बसवून खेड्यांत रेडिओ चालवत. त्या दिव्याचे चित्र पाहिले की ज्योत इवलीशी आणि पात्यांचा पसारा भलामोठा दिसतो. ते प्रमाण डोक्यात ठेवा.

वीज मिळते ती उष्णतेतून नव्हे, दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकातून. कॅनडात एका शाळकरी मुलीने तळहाताच्या ऊबेवर चालणारी विजेरी केली होती. थंड हवेत ती चालते, कारण हात आणि हवा यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो. तीच विजेरी मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात हातात धरली तर हवा तेहतीस अंश आणि हातही तेवढाच, म्हणजे शून्य. आपल्याकडे थंड बाजू फुकट मिळत नाही, ती तयार करावी लागते.

आता मॉड्यूलची निवड. दुकानात मागितले की टीईसी१-१२७०६ हातात ठेवतात. ते फ्रीजसारखे थंड करण्यासाठी बनवलेले असते. त्याच्या आतला डाग (सोल्डर) बऱ्याचदा बिस्मथ-कथिलाचा असतो आणि तो १३८ अंशांना वितळतो. शिवाय त्यातून उष्णता फार सहज पलीकडे जाते, त्यामुळे छोट्या ज्योतीवर दोन्ही बाजूंत फरकच पडत नाही. त्यापेक्षा एसपी १८४८-२७१४५ घ्या. आकार तोच, पण उष्णतेला अडवण्याची ताकद जास्त, आणि कमाल मर्यादा १५० अंश. काही शे रुपयांत ऑनलाइन मिळते.

विक्रेत्यांच्या तक्त्यात ४० अंशांच्या फरकाला १.८ व्होल्ट, ३६८ मिलिअँपिअर आणि ८० अंशांना ३.६ व्होल्ट, ५५८ मिलिअँपिअर असे आकडे असतात. इथे सगळे फसतात. हा व्होल्टेज काहीही न जोडता मोजलेला असतो आणि हा करंट दोन्ही तारा एकमेकींना टेकवून. दोघांचा गुणाकार करून दोन वॉट मिळतील असे धरू नका. प्रत्यक्षात जास्तीत जास्त त्याचा चौथा भाग मिळतो: ४० अंशांना साधारण ०.१६ वॉट, ८० अंशांना ०.५ वॉट. या तक्त्यानुसार फरक दुप्पट झाला की वीज तिप्पट, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खोबरेलाची एक पणती तासाला तीनेक ग्रॅम तेल जाळते. त्यातून ३० वॉटच्या आसपास उष्णता निघते. अर्धीअधिक आजूबाजूला जाते आणि मॉड्यूलमधून दहा-अकरा वॉट जातात. त्याने ४० अंशांच्या आसपास फरक पडतो आणि सर्किटमधली गळती वजा जाता एलईडीपर्यंत ०.१ वॉट पोचतो. त्यातून दहा ल्युमेन (उजेडाचे एकक) उजेड मिळतो, आणि ज्योतीचा स्वतःचा उजेडही जवळपास तेवढाच असतो. म्हणजे एका पणतीवर ही खटपट निव्वळ हौस. दोन पणत्या लावल्या की चित्र बदलते: फरक ८० अंशांकडे सरकतो आणि एलईडीला ०.३ वॉट, म्हणजे ३० ल्युमेनच्या वर उजेड मिळतो. तो एकाच दिशेला पाडला तर पुस्तक वाचता येते, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरेही दिसतात.

पण दोन पणत्यांची वीस-बावीस वॉट उष्णता पलीकडच्या बाजूने बाहेर काढायची कशी? संगणकाचा जुना ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा) पंख्याशिवाय बसवला तर तो हवेपेक्षा पन्नासेक अंशांनी तापतो. तीस अंशांची हवा, वर पन्नास, वर ऐंशी: गरम बाजू १६० वर, आणि मॉड्यूल गेले. त्यात ज्योतीची गरम हवा कडेने वर चढून हीटसिंकची पातीच तापवते, हा दुसरा घात. हीटसिंकऐवजी वर टोपात एक लिटर पाणी ठेवले तर सुरुवातीला थंड बाजू ३५-४० अंशांवर राहते आणि गरम बाजू १२० च्या आसपास थांबते. पाणी तासाला सुमारे वीस अंशांनी तापते, झाकण नसेल तर थोडे कमी. म्हणून तासा-सव्वा तासाने पाणी बदलायचे. आषाढात पागोळीखाली बादली ठेवली की झाले. तापलेले पाणी भांडी घासायला.

जोडणीला लागणारे सामान: मॉड्यूल एक; पाच मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे दोन तुकडे, खालचा ७० बाय ५० आणि वरचा ७० बाय ७० मिलिमीटर; एम३ चे स्टेनलेसचे दोन स्क्रू, स्प्रिंग वॉशरसह; थर्मल पेस्ट; सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचा टोप.

ॲल्युमिनियमच्या या दोन्ही पट्ट्या सपाट हव्यात. काचेवर ४०० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून त्यावर आठाच्या आकड्यात घासा आणि स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंना पेस्ट लावा, पण ती कागदाइतकीच पातळ. जाड थर दिला की तोच उष्णता अडवतो. मग दोन्ही पट्ट्यांमध्ये मॉड्यूल ठेवून स्क्रू आवळा: एक अर्धा फेरा इकडे, एक अर्धा तिकडे. एकच बाजू आधी घट्ट केली तर सिरॅमिक तडकते आणि ती तडक दिसतही नाही, नंतर व्होल्टेज शून्य येतो तेव्हा कळते. स्क्रू स्टेनलेसचेच हवेत. साध्या लोखंडातून चारपट वेगाने उष्णता वर जाते आणि मॉड्यूलला वळसा घालून निघून जाते. चार स्क्रू दिसायला बरे दिसतात, पण दोन पुरतात.

जोडण्याआधी गरम बाजू कोणती ते ठरवा. मॉड्यूल फरशीवर ठेवून वरून तळहात दाबा आणि मल्टिमीटर लावा. लाल तारेवर धन व्होल्टेज आला तर वरची बाजू ज्योतीकडे. उलटे बसले तरी काही बिघडत नाही, फक्त तारा उलट होतात. पण मग तेच शोधण्यात एक तास जातो.

बैठकीला चिऱ्याचे तीन तुकडे, चुलीसारखे मांडून. वरच्या पट्टीवर पाण्याच्या टोपाचे सव्वा किलो वजन असणार आणि खाली आग, त्यामुळे पत्र्याच्या उभट डब्यावर तोल सांभाळण्याचा प्रयोग करू नका. वाऱ्यासाठी भोवती पत्र्याचे कडे, खालच्या बाजूला सहा मिलिमीटरची दहा-बारा भोके. पणत्या एकमेकींपासून चार सेंटिमीटर अंतरावर ठेवा. वातीचे टोक चार-पाच मिलिमीटरच बाहेर, आणि ज्योतीच्या शेंड्यापासून खालची पट्टी एक सेंटिमीटर वर. पट्टी ज्योतीत शिरली की काजळी धरते आणि काजळीचा थर रजईसारखा काम करतो. दर दोन-तीन तासांनी पट्टी हाताने नव्हे, काडीने खरवडून पाहा, काडीला काळे आले तर वात आत ढकला. शंभर मिलिलिटर खोबरेलात दोन पणत्या पंधरा तास चालतात. मेणाचे छोटे दिवे वापरणार असाल तर दोनच्या वर एकत्र ठेवू नका. पट्टीवरून उलटलेल्या आचेने सगळे मेण पातळ होते आणि पृष्ठभागच पेट घेतो. तसे झाल्यास पाणी ओतायचे नाही, ताटली उपडी घालून झाकायचे.

सर्किटसाठी व्होल्टेज वाढवून देणारे पाच व्होल्टचे तयार यूएसबी बूस्टर मिळतात, पण त्यातून एलईडीला रेझिस्टर लावावा लागतो आणि आधीच थोडी असलेली वीज तिथेच जळते. त्यापेक्षा जूल थीफ, म्हणजे कमी व्होल्टेजवरही एलईडी पेटवणारे एका ट्रान्झिस्टरचे साधे सर्किट, बरा. सीएफएल बल्ब फुटल्यावर आतली छोटी करडी फेराइट रिंग काढून ठेवा. संगणकाच्या सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग लोहचूर्णाची असते, ती इथे मंद पडते. इनॅमलच्या दोन तारा एकत्र धरून रिंगवर बारा ते पंधरा वेढे द्या. पहिल्या तारेचे शेवटचे टोक आणि दुसरीचे सुरुवातीचे टोक एकत्र करून मॉड्यूलच्या धन टोकाला. उरलेल्यांपैकी एक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, दुसरे एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला. एमिटर ऋण टोकाला आणि एलईडी कलेक्टर-एमिटरच्या मध्ये. ट्रान्झिस्टर बीसी ३३७. बीसी ५४७ इतका करंट पेलत नाही. एलईडी एक वॉटचा घ्या. त्याला पाव ताकदीवर चालवले की तो थंड राहतो आणि प्रत्येक वॉटमागे उजेडही जास्त देतो.

पेटला नाही तर रिंगवरच्या एका तारेची दोन टोके आपसात बदला. दहापैकी आठ वेळा तेच असते. आणि सर्किट चालू असताना एलईडी सुटू देऊ नका. भार नसताना कलेक्टरवर उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टरला खातो.

जुळणी साधायची ती रेझिस्टरने. आधी सर्किट सोडून मॉड्यूलचा व्होल्टेज मोजा, मग जोडून पुन्हा मोजा. जोडल्यावर निम्मा राहिला पाहिजे. निम्म्याहून बराच जास्त राहिला तर रेझिस्टर कमी करा, ३३० ओहमपर्यंत. पार खाली कोसळला तर वाढवा. बिघाडही याच दोन मापांत सापडतो. न जोडताच व्होल्टेज कमी असेल तर दोष उष्णतेच्या बाजूचा: पेस्ट, काजळी नाहीतर तापलेले पाणी. न जोडता पुरेसा आणि जोडल्यावर शून्य असेल तर सर्किट. मुळातच शून्य असेल तर आतला जोड तुटला, मॉड्यूल बदला. मात्र पणत्या लावल्यावर पहिली पाच-सात मिनिटे काहीच मोजू नका, पट्टी तापायला तेवढा वेळ लागतो.

यावर मोबाइल चार्ज करायचा प्रश्न येतोच. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत एकोणीस वॉट-तास मावतात. ०.३ वॉटने साठ तासांहून जास्त, आणि चार्जरमधली गळती धरली तर त्याहूनही. सोडून द्या.

हा कंदील तंबूत न्यायचा नाही. ज्योत आहे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आहे, आणि तंबूचे कापड पेटायला क्षण पुरतो. घरातही एक खिडकी किलकिली ठेवा. रानात मुक्काम करणाऱ्यांसाठी आणखी एक: फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीच्या पायथ्याशी उघडी ज्योत नकोच. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे आठवा. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते, सौर कंदील मजेत चालतो. अभयारण्याच्या हद्दीत तर वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीच पेटवू नये. या कंदिलाचा हंगाम पावसाळाच, आणि जागा घराचा सोपा.

शेवटचा शत्रू खारी हवा. मॉड्यूलच्या चारही कडांना उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची बारीक रेघ ओढा, नाहीतर थंड पाण्यामुळे वरच्या पट्टीवर सुटणारा घाम आत शिरतो आणि दोन पावसाळ्यांत जोड हिरवे पडतात. पाणी ओतताना एक थेंबही तापलेल्या मॉड्यूलवर पडू नये. सर्किट आणि एलईडी टोपाच्या खाली न ठेवता वीतभर लांब तारेवर ठेवा. चवथ झाल्यावर पाऊस ओसरला की सगळे सुकवून, तांबड्या-काळ्या तारांची टोके स्वच्छ करून, सिलिका जेलच्या पुडीसकट झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा खोबरेलाच्या बाटलीशेजारीच ठेवा. अंधारात शोधताना दोन्ही एकाच जागी सापडले पाहिजेत.