गाडी धूर कधी मारते?

वडिलांनी घेतलेली आमची जुनी पेट्रोल गाडी गेल्या पावसाळ्यात ऑइल खायला लागली. हजार किलोमीटरला जवळजवळ अर्धा लिटर. मागून निळसर धूर आणि तेल करपल्याचा वास. घराजवळच्या गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता सांगितलं, "रिंगा गेल्या, इंजिनचं काम निघालं." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर येऊ न देणाऱ्या कड्या. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प घरी आलो. वडील आता नाहीत. त्यांची गाडी भंगारात द्यायला मन धजेना.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामाच म्हणतात. "निळा म्हणजे ऑइल जळतंय, ते खरं. पण कधी मारतोय? सकाळी स्टार्टला, चढाला, का उताराला? आठ दिवस बघ आणि मग ये की."

बघितलं. सकाळी चावी फिरवली की भसकन एक लोट, अर्ध्या मिनिटात साफ. जांबोटीच्या पुढे चढाला गाडी दाबली, तर आरशात काहीच नाही. मात्र चोर्ला घाट ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर उतरवला आणि खाली केरीजवळ पुन्हा पाय दिला, तसा मागचा दुचाकीवाला दिसेनासा झाला.

हे ऐकून मामांचा चेहरा खुलला. "रिंगा गेल्या असत्या तर चढाला, लोड आल्यावर मारला असता. हे व्हॉल्व्हच्या सीलचं दुखणं." रबरी सील उष्णतेनं कडक होतात. मग हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑइल रात्रभर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली सिलेंडरकडे झिरपतं आणि सकाळी पहिल्या झटक्यात जळतं. उताराला थ्रॉटल बंद असतो, इंजिन हवेसाठी जोरात ओढ घेतं, आणि त्या ओढीनं ऑइलही आत येतं. इतकं साधं कारण, पण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तरी मामांनी अंदाजावर काम धरलं नाही. प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, मोजलं: 170, 165, 170, 165 पौंड, चारही जवळजवळ सारखे. एखादा सिलेंडर कमी निघाला असता, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. आमच्यावर ती वेळ आली नाही.

हेडसुद्धा उतरवलं नाही. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह जागेवर धरले आणि एकेक सील बदललं. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी हातात आली.

डिसेंबरच्या थंडीत शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "परत धूर सुटलाय बघ." पांढरा होता. मी सायलेन्सरच्या मागे हात धरला. तळव्यावर नुसतं पाणी, तेलाचा वास नाही. इंजिन तापेपर्यंत तो विरूनही गेला.