मिशिगनला एकदाही न हरवता चॅम्पियन झालेली बॅच

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (आपण म्हणतो तो सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) दर डिसेंबरला साइनिंग डे येतो, बारावीतली पोरं कुठल्या युनिव्हर्सिटीकडून खेळणार त्यावर सह्या करतात आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाची रिक्रूटिंग बॅच कितव्या नंबरवर याच्या याद्या सगळीकडे फिरायला लागतात. फाइव्ह स्टार रेटिंगची पोरं किती, फोर स्टार किती, कोणी कोणाचा पोरगा पळवला वगैरे. मला ह्या याद्या वाचायला मनापासून आवडतात, पण बॅच खरंच कशी निघाली हे कळायला तीन-चार वर्षं जावी लागतात, आणि हे मला सगळ्यात जास्त पटलं ते ओहायो स्टेटच्या २०२१च्या बॅचमुळे. ओहायो स्टेटचा २०२४चा सीझन म्हणजे माझ्या दृष्टीने ह्या बॅचचाच सीझन होता, त्यामुळे दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

ही बॅच जमली ती कोविडमध्ये. मार्च २०२० ते मे २०२१ अखेरपर्यंत एनसीएएने (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) समोरासमोरच्या रिक्रूटिंगवर बंदी घातली होती, म्हणजे कोचने पोराच्या घरी जायचं नाही, त्याला कॅम्पसवर बोलावून भेटायचं नाही, सगळं फोन आणि झूमवर. व्हर्जिनियाचा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) ट्रेव्हियॉन हेंडरसन शाळेतला शेवटचा सीझन खेळलाच नाही कारण त्यांच्या राज्याने फुटबॉलच पुढे ढकललं. एमेका एग्बुका पार वॉशिंग्टन राज्यातला, डोनोव्हन जॅक्सन टेक्ससचा, डेन्झेल बर्क ॲरिझोनाचा. जॅक सॉयर मात्र घरचा पोरगा, ओहायो स्टेटचं शहर कोलंबस, त्याला लागूनच असलेल्या पिकरिंग्टनचा. आणि जेटी तुइमोलोआउ, तोही वॉशिंग्टनचा, हा पठ्ठ्या बंदी उठेपर्यंत थांबला, जूनमध्ये कॉलेजं स्वतः जाऊन बघितली आणि ४ जुलै २०२१ला सांगितलं की मी ओहायो स्टेटला येतोय. बाकीची बॅच तोपर्यंत कॅम्पसवर येऊन सराव करत होती! एवढं सगळं धरून रँकिंगमध्ये बॅच देशात दुसरी, अलाबामाच्या मागे.

आणि मग क्विन युअर्स. टेक्ससचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून अख्खा ऑफेन्स चालवणारा, रेटिंगमध्ये पैकीच्या पैकी मार्क, असं रेटिंग फार म्हणजे फार कमी पोरांना मिळालंय. हा खरं तर २०२२च्या बॅचचा, पण जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून पैसे कमवायची मुभा मिळाली आणि टेक्ससमध्ये शाळेतल्या खेळाडूंना ती नव्हती, म्हणून शाळेचं शेवटचं वर्ष सोडून ऑगस्टमध्येच कोलंबसला आला. तिथे त्याचा रूममेट कोण, तर जॅक सॉयर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. युअर्स त्या वर्षी मैदानावर जेमतेम दिसला आणि डिसेंबरमध्ये टेक्सस युनिव्हर्सिटीत निघून गेला.

म्हणजे ज्याचं रेटिंग सगळ्यात वर तोच सगळ्यात आधी गेला. दुसरा क्वार्टरबॅक काइल मॅककॉर्ड दोन वर्षं वाट बघून २०२३ला स्टार्टर झाला, मिशिगनशी हरले आणि तो ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलायची सोय) सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीला गेला. तिथे त्याने २०२४मध्ये देशात सगळ्यात जास्त पासिंग यार्ड्स (पास टाकून मिळवलेलं अंतर) काढले, त्यामुळे पोरगा कमी होता असं मला तरी कोणी सांगू नये. मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरसुद्धा ह्याच बॅचचा, तो तीन वर्षं खेळून एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये गेला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या टीम्स पाळीपाळीने खेळाडू निवडतात त्यात, चौथ्या नंबरवर.

आता मिशिगनचं सांगायलाच हवं. ओहायो स्टेटचा माणूस वर्षभर एकाच मॅचसाठी जगतो आणि ती म्हणजे नोव्हेंबर अखेरची मिशिगनची मॅच. ह्या बॅचचा तिथला रेकॉर्ड बघा, २०२१ला ४२-२७, २०२२ला ४५-२३, २०२३ला ३०-२४, तिन्ही वेळा हार. वर २०२२च्या सीझनमध्ये देशाच्या चॅम्पियनशिपच्या प्लेऑफच्या सेमीफायनलला जॉर्जियाविरुद्ध ४२-४१, शेवटची फील्ड गोल किक (जमली तर तीन पॉइंट) हुकली ती नेमकी ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, नवीन वर्ष सुरू होता होता. तीन वर्षांत ना मिशिगनला हरवलं, ना चॅम्पियनशिप हाताला लागली.

तर जानेवारी २०२४मध्ये काय झालं, तीन वर्षं झाली की एनएफएलला जाता येतं, आणि ह्या बॅचमधले बरेच जण आरामात ड्राफ्ट झाले असते. पण सॉयर थांबला, तुइमोलोआउ थांबला, एग्बुका, हेंडरसन, बर्क, जॅक्सन, टायलीक विल्यम्स, जॉर्डन हॅनकॉक, एकामागून एक सगळे म्हणाले आम्ही अजून एक वर्ष खेळणार. माझ्या मते ओहायो स्टेटचं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं रिक्रूटिंग हेच. पैशाचा भाग होता का, तर होताच, ॲथलेटिक डायरेक्टर रॉस ब्यॉर्क यांनी स्वतः सांगितलंय की त्या टीममागे खेळाडूंसाठी सुमारे २ कोटी डॉलर उभे राहिले होते. लोक हे टोमणा मारायला वापरतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, पोरं ज्या खेळावर एवढं मोठं स्टेडियम भरवतात त्यातलं थोडं त्यांच्या हातात आलं तर बिघडलं कुठे? आणि तेवढेच पैसे हवे होते तर एनएफएलचा रस्ता मोकळा होताच की.

शिवाय बाहेरून माणसं आली. अलाबामाहून सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभा राहणारा) केलेब डाउन्स आणि सेंटर (ऑफेन्सच्या लाइनच्या मधोमध उभा राहणारा) सेथ मॅकलॉफलिन, ओल मिसहून रनिंग बॅक क्विन्शॉन जडकिन्स, कॅन्सस स्टेटहून क्वार्टरबॅक विल हॉवर्ड. यूसीएलएचं हेड कोचपद सोडून चिप केली ऑफेन्स सांभाळायला आले. आणि २०२४च्या नव्या बॅचमधून फ्लोरिडाचा रिसीव्हर (पास झेलणारा) जेरेमाया स्मिथ, त्या वर्षीचा देशातला एक नंबरचा रिक्रूट, ज्याच्याबद्दल पहिल्या मॅचपासूनच कळत होतं की हा अठरा वर्षांचा पोरगा बाकीच्यांसारखा नाहीये.

सीझन सुरळीत गेला असं अजिबात नाही. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनला जाऊन ३२-३१ने हरले आणि त्याच मॅचमध्ये लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स वर्षभरासाठी बाद. लेफ्ट टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणारा माणूस, उजव्या हाताने फेकणाऱ्याला त्या बाजूने येणारा दिसतच नाही. तिथे शेवटी डोनोव्हन जॅक्सनला हलवलं, जो आतापर्यंत शेजारी गार्डला खेळत होता. ऐकायला एक पाऊल बाजूला सरकण्यासारखं वाटतं पण गार्डला दोन्हीकडे माणसं असतात, टॅकल कडेला एकटा असतो आणि समोरच्या टीमच्या लाइनमधला सगळ्यात वेगवान डिफेंडर अंगावर येतो. त्या जागेवरची त्याची पहिलीच मॅच पेन स्टेटला, समोर अब्दुल कार्टर, जो पुढे ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर गेला. जॅक्सनला त्रास झाला पण तो टिकला, मॅच २०-१३ने जिंकले आणि नंतर तर तो त्या जागेवर असा बसला की एनएफएलवाल्यांनी त्याला पहिल्या राउंडमध्ये घेतलं. स्वतःचं ड्राफ्टचं वर्ष असताना पोरगा टीमसाठी अनोळखी जागेवर उभा राहतो, मला ह्या सीझनमधली ही गोष्ट फार मोठी वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. पुढे मॅकलॉफलिनचाही अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) गेला, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या लाइनचे दोन खांब गेलेले.

आणि मग ३० नोव्हेंबर. मिशिगन त्या वर्षी ६-५, ओहायो स्टेट वीसेक पॉइंटने फेव्हरिट, मॅच घरच्या मैदानावर. हरले. १३-१०. बाहेर एवढे रिसीव्हर असताना पास न टाकता बॉल घेऊन मधूनच घुसायचा हट्ट का केला हे मला आजही कळत नाही. शेवटच्या मिनिटात मिशिगनची फील्ड गोल, नंतर त्यांनी मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवायला आणला, सॉयरने तो हिसकावला, मारामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे. ह्या बॅचचा मिशिगनविरुद्धचा हिशोब तिथे संपला, ०-४, कायमचा. मला त्या दिवशी पोरांचे चेहरे बघवत नव्हते. कोच रायन डे यांना काढा म्हणून आठवडाभर ओरड चालू होती.

जुना चार टीम्सचा प्लेऑफ असता तर सीझन तिथेच खल्लास. पण २०२४ पासून बारा टीम्स घेतल्या जातात, ओहायो स्टेट आठव्या सीडवर (मानांकनावर) आत आले आणि तिथून जे खेळले ते वेगळीच टीम असल्यासारखं. २१ डिसेंबरला कोलंबसच्या कडाक्याच्या थंडीत टेनेसीला ४२-१७. टेनेसीचे ऑरेंज कपडेवाले फॅन इतके आले होते की घरचं मैदान आहे की नाही असं वाटावं, पण पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-० झालं आणि सगळं शांत. मग ‘रोझ बोल’ नावाच्या मॅचमध्ये, म्हणजे क्वार्टरफायनलला, अपराजित, एक नंबरच्या ओरेगॉनला ४१-२१, दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० होते! ऑक्टोबरचा बदला म्हणजे किती चोख.

मग १० जानेवारी २०२५, ‘कॉटन बोल’, म्हणजे सेमीफायनल, समोर टेक्सस, क्वार्टरबॅक क्विन युअर्स. हाफटाइमच्या आधी काही सेकंद उरलेले असताना हेंडरसनने एक साधा स्क्रीन पास (जवळच टाकलेला छोटा पास) घेतला आणि ७५ यार्ड धावत सुटला. पण मॅच अडकली, २१-१४, आणि शेवटच्या काही मिनिटांत टेक्सस टचडाउनपासून एक यार्डवर, बॉल पुढे न्यायला चार संधी, म्हणजे चार डाउन. एक यार्ड हो! टाय होणार हे मी धरूनच चालले होते. पहिल्या डाउनला काही मिळालं नाही. दुसऱ्याला त्यांनी बॉल मागे बाहेरच्या बाजूला टाकला आणि डिफेन्सने तिथेच रनिंग बॅकला सात यार्ड मागे पाडलं. तिसऱ्याला पास वाया. चौथ्या डाउनला आठ यार्ड हवेत, युअर्स मागे आला, हात मागे नेला आणि कडेने आलेल्या सॉयरने त्याच्यावर झडप घातली, बॉल सुटला, उडून परत सॉयरच्याच हातात आला आणि तो पळत सुटला, ८३ यार्ड, डिफेन्सिव्ह एंडच्या (डिफेन्सच्या लाइनच्या टोकाला उभा राहणारा) आडदांड अंगकाठीचा माणूस, मागे कोणीतरी पकडेल असं वाटत होतं आणि कोणी पकडलंच नाही. २८-१४. एकाच बॅचचे दोन रूममेट, एक पहिल्याच वर्षी गेला, एक चार वर्षं थांबला, आणि त्यांची गाठ पडली ती अशी. युअर्सबद्दल माझ्या मनात राग नाही, त्याने टेक्ससला लागोपाठ दोन वर्षं सेमीफायनलला नेलं, पोरगा चांगलाच आहे. पण सॉयर एंड झोनमध्ये पोचला तेव्हा मला रडू आलं हे खरं.

फायनल २० जानेवारीला अटलांटात, नोटर डेमशी. पहिली ड्राइव्ह नोटर डेमने दहाएक मिनिटं खाऊन टचडाउन काढला, नंतर ओहायो स्टेटने ३१-७ केलं, आणि परत धाकधूक, ३१-२३. थर्ड अँड इलेव्हन, म्हणजे तिसरी संधी आणि अकरा यार्ड हवेत. इथे कुठलाही कोच पास न टाकता बॉल घेऊन धावायला लावून वेळ घालवेल, ह्यांनी स्मिथला लांब पास टाकला, ५६ यार्ड. मिशिगनविरुद्ध जे करायला हवं होतं ते डे आणि केलींनी इथे केलं, आणि ३४-२३ने चॅम्पियन झाले.

एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये ओहायो स्टेटचे १४ जण गेले. पहिल्या राउंडमध्ये एग्बुका, जॅक्सन, विल्यम्स आणि ज्याचा सीझन ऑक्टोबरमध्येच संपला होता तो सिमन्स. सॉयर चौथ्या राउंडमध्ये एनएफएलच्या पिट्सबर्ग स्टीलर्सकडे, एवढं उशिरा त्याला का घेतलं ते त्यांनाच माहीत.

फॅन लोकांत अजून वाद चालतो की ट्रॉफी मोठी की मिशिगन. पुढच्याच वर्षी, २०२५ला, ज्युलियन सेयिन क्वार्टरबॅक आणि स्मिथ वगैरे नव्या पोरांनी मिशिगनला त्यांच्या घरी जाऊन २७-९ने हरवलं, रेग्युलर सीझन १२-०, आणि मग इंडियानाशी १३-१०, प्लेऑफमध्ये मायामीशी २४-१४, दोन्ही हरले, ट्रॉफी नाही. म्हणजे एका बॅचला एक मिळालं, दुसऱ्यांना दुसरं. मला विचाराल तर ट्रॉफी, आणि मला माहितीये की कोलंबसमध्ये हे ऐकून बऱ्याच जणांना माझा राग येईल.

आता माझं लक्ष स्मिथच्या २०२४च्या बॅचकडे आहे. त्यांचा क्वार्टरबॅक एअर नोलंड पहिल्याच वर्षानंतर साउथ कॅरोलायनाला गेलासुद्धा, अगदी युअर्ससारखा. स्मिथला २०२६च्या सीझननंतर ड्राफ्टला जाता येईल आणि तो चौथ्या वर्षासाठी थांबेल असं मला मुळीच वाटत नाही, पण जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांचे मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत, त्यामुळे बाकीच्यांमधून सहा-सात जण तरी सॉयरसारखे थांबले तर २०२७चा सीझन बघायला मजा येईल.