तोंडावर ताबा, पण तो ठेवायचा कसा?

जाड माणसाला आपल्याकडे कुणीही काहीही बोलतं. "जरा तोंडावर ताबा ठेव गं" हे मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे सांगतात पण तो ठेवायचा कसा ते कुणीच सांगत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण स्वतःला थांबवणं हे मेंदूचं काम आहे आणि त्याचा सराव करता येतो.

इंग्लंडमधल्या एक्सेटर युनिव्हर्सिटीत नतालिया लॉरेन्स आणि त्यांच्या टीमने हेच करून बघितलं, 2015 मध्ये ते छापून आलं. कॉम्प्युटरवरचा साधा गेम, स्क्रीनवर डावीकडे किंवा उजवीकडे फोटो येतो, त्या बाजूचं बटण पटकन दाबायचं, पण फोटोभोवतीची चौकट जाड असेल तर हात आवरायचा. मेख अशी की बिस्किटं, चॉकलेट, चिप्स असले फोटो कायम जाड चौकटीतच येतात. म्हणजे ते दिसले की थांबायचं, हे पुन्हा पुन्हा होतं आणि हळूहळू अंगवळणी पडतं. 83 माणसं होती आणि दहा-दहा मिनिटांची फक्त 4 सेशन्स. खाण्याचे फोटो ज्यांना मिळाले त्यांचं वजन सरासरी 0.7 किलो उतरलं आणि रोजच्या खाण्यात साधारण 220 कॅलरी कमी झाल्या. आकडा छोटाय, मान्य, पण यात कुणाला डाएट चार्ट दिला नव्हता की कुणाला लाजवलं नव्हतं!

मला त्याहून जवळचं वाटलं ते सिडनीचं काम, जयंती रामन यांचं. तिथे 80 लठ्ठ माणसांपैकी निम्म्यांना नेहमीच्या सल्ल्यासोबत विचारांची लवचिकता वाढवणारे व्यायाम दिले, म्हणजे ठरलेलं फिस्कटलं की "आता गेलंच सगळं" म्हणून सोडून न देता दुसरा रस्ता शोधायचा. पावसामुळे वॉक बुडाला, लग्नात जेवण जास्त झालं, आपली गाडी नेमकी तिथेच रुळावरून घसरते ना? तीन महिन्यांनी या गटातल्या 68 टक्के लोकांचं वजन 5 टक्के किंवा जास्त उतरलेलं होतं, नुसता सल्ला मिळालेल्या गटात 15 टक्के.

शुगर, थायरॉईड, गोळ्या, व्यायाम हे सगळं डॉक्टरांकडे बघायचंच, गेम त्याची जागा घेत नाही.

एक्सेटरवाल्यांनी त्यांच्या गेमचं फूडटी नावाचं फ्री अॅपही काढलंय. आता वडापाव, फरसाण, शंकरपाळ्यांचे फोटो घालून मराठीत कुणी असं काही बनवलं तर फार बरं होईल, कॉम्प्युटर शिकणारी कुणी पोरं वाचत असतील तर खरंच बघा, मी लागेल ती मदत करेन.