अधिक, उणे की ब्लू-रे? घरच्या चित्रफितींसाठी डिस्कची निवड : नोंद तिसरी

मागील नोंदीपर्यंत कॅमकॉर्डरच्या सर्व १४ मिनीडीव्ही कॅसेट फायरवायर तारेमार्फत संगणकावर उतरवून झाल्या होत्या. त्यांत २००३ च्या सिंहस्थात वडिलांनी रामकुंडावर केलेले चित्रीकरण आहे, रंगपंचमीला जुन्या नाशकातील रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारणारी आळीतली मुले आहेत आणि बराचसा भाग नुसत्या घरगुती बोलण्याचा आहे. हे सगळे दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवले आहे. परंतु एकदा लिहिल्यावर चुकूनही पुसली जाणार नाही अशी तिसरी प्रत असावी, या हेतूने रेकॉर्डेबल डिस्कचा विचार सुरू केला आणि निवडीतच दोन महिने गेले.

सुरुवात ‘प्लस’ डीव्हीडी चांगली की ‘मायनस’ या जुन्या वादापासूनच झाली. डीव्हीडी-आर ही पायोनियरने १९९७ मध्ये आणलेली पद्धत, तर डीव्हीडी+आर ही फिलिप्स, सोनी आदी कंपन्यांच्या गटाने २००२ मध्ये बाजारात आणलेली. (पहिल्या नावातली आडवी रेघ ही खरे तर जोडरेघ आहे, तरीही आपण सगळे तिला ‘मायनस’च म्हणत आलो.) दोन्हींची क्षमता ४.७ जीबी असून फरक आहे तो ड्राइव्हला डिस्कवरील जागा कशी समजते यात. डीव्हीडी-आरमध्ये, लेझर जिच्यावरून फिरतो त्या खाचेची नागमोड १४०.६ किलोहर्ट्‌झची असते आणि पत्ता खाचांमधल्या उंचवट्यावर आधीच कोरलेल्या सूक्ष्म खड्ड्यांतून मिळतो. डीव्हीडी+आरमध्ये नागमोड ८१७.४ किलोहर्ट्‌झची असते आणि पत्ता त्या नागमोडीतच गुंफलेला असतो. दुसरी पद्धत गोंगाटाला (संकेतात मिसळणाऱ्या अडथळ्यांना) कमी बधते असे मानले जाते, आणि म्हणूनच ‘प्लस’ अधिक टिकाऊ, हा माझा कित्येक वर्षांचा ग्रह होता.

तो तपासून पाहण्याची सोय घरातच होती. २००५ ते २००७ या काळात लिहिलेल्या ५४ डिस्क माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होत्या, त्यांपैकी ३१ ‘मायनस’ आणि २३ ‘प्लस’. जुन्या लाईट-ऑन ड्राइव्हवर क्यूपीएक्सटूल हा डिस्क तपासणारा प्रोग्राम वापरून प्रत्येकीची चूक-मोजणी केली. प्रमाणानुसार लागोपाठच्या आठ ईसीसी गटांत (चूक-दुरुस्तीसाठी केलेल्या माहितीच्या गटांत) मिळून पीआय चुका, म्हणजे वाचताना पहिल्या पातळीवर सापडणाऱ्या चुका, २८० च्या पुढे जाऊ नयेत. नऊ डिस्क वाचल्याच गेल्या नाहीत किंवा ही मर्यादा कित्येक पटींनी ओलांडून गेल्या. त्यांत पाच ‘मायनस’ होत्या आणि चार ‘प्लस’. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे खरे. मग डिस्कवर आधीपासून कोरलेला निर्मात्याचा संकेतांक काढून पाहिला, तेव्हा नऊपैकी सात डिस्क एकाच कारखान्याच्या निघाल्या, जरी त्या दोन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून आणलेल्या होत्या. उरलेल्या दोन्हींवर मी त्या वेळी हौसेने गोल कागदी स्टिकर चिकटवले होते. म्हणजे ज्या चिन्हावरून आपण वर्षानुवर्षे भांडलो, त्याचा या पेटीपुरता तरी काहीही संबंध दिसला नाही. संबंध होता तो ज्यावर माहिती लिहिली जाते त्या रंगथराच्या दर्जाचा आणि माझ्या हौसेचा.

चिन्हाचा फरक पडला तो एकाच ठिकाणी. सिडकोतील मावशीकडचा जुना डीव्हीडी प्लेअर ‘प्लस’ डिस्क साफ नाकारतो. परंतु अशा डिस्कवर लिहिताना तिची ओळख डीव्हीडी-रॉम (कारखान्यात छापलेली डिस्क) अशी नोंदवण्याची सोय काही ड्राइव्हमध्ये असते, आणि ती वापरताच त्याच प्लेअरने डिस्क विनातक्रार चालवली. ही युक्ती ‘मायनस’ डिस्कवर करता येत नाही.

डीव्हीडी-रॅमचा मोह मला अजूनही होतो. लाखभर वेळा पुनर्लेखन आणि खराब जागा आपणहून वगळण्याची व्यवस्था हे तिचे गुण आहेतच. पण मला पुसता न येणारीच डिस्क हवी होती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

खरा निर्णय शेवटी गणिताने केला. पाल पद्धतीच्या डीव्ही चित्रीकरणात एक चौकट १,४४,००० बाइटची आणि सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे सेकंदाला ३.६ एमबी. तासाभराची कॅसेट होते जवळजवळ १३ जीबी. डीव्हीडीवर जेमतेम २१ मिनिटे मावतात. १४ कॅसेटसाठी ४० च्या आसपास डिस्क लागल्या असत्या आणि शाही मिरवणूक ऐन भरात असताना डिस्क बदलावी लागली असती. ब्लू-रेच्या एकथरी बीडी-आरवर २५ जीबी मावतात. हिशेब करताना दोन कॅसेट एका डिस्कवर बसतील असे वाटले होते, पण दोन तासांचे २५.९ जीबी होतात. सुमारे चार मिनिटांसाठी ते जमत नाही. मग एका डिस्कवर एकच कॅसेट, सोबत तीस टक्क्यांची पार-टू दुरुस्ती माहिती (काही भाग बिघडला तरी तो तिच्यावरून परत उभा करता येतो), असे ठरवले. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बिघाड बहुधा बाहेरच्या काठाकडून सुरू होतो, म्हणून उरलेला जवळजवळ एक तृतीयांश भाग मुद्दाम कोरा ठेवतो आहे. काटकसरी माणसाला हे जड जाते.

बीडी-आर घेतानाही एक भेद पाहावा लागतो. एचटीएल प्रकारात लेखनथर असेंद्रिय असतो, तर एलटीएच प्रकारात डीव्हीडीसारखाच सेंद्रिय रंग असतो. वरील पेटीचा अनुभव घेतल्यावर मी एचटीएलच घेतल्या. महात्मा गांधी रोडवरच्या तीन-चार दुकानांत विचारणा केली, तेव्हा एका दुकानदाराने ‘साहेब, पेनड्राइव्ह घ्या ना’ असे अत्यंत कळवळून सांगितले. शेवटी डिस्क बाहेरून मागवल्या. सोनीने रेकॉर्डेबल ब्लू-रेचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले, आणि त्याच घोषणेत मिनीडीव्ही कॅसेटही होत्या. माझ्या कामाची दोन्ही टोके एकाच पत्रकात बंद झालेली पाहून थोडे विचित्र वाटले. इतर उत्पादकांचा माल मिळतो आहे, तोवर २५ डिस्क घेऊन ठेवल्या आहेत.

लेखनासाठी डिस्कवर फाईल मांडण्याची यूडीएफ रचना वापरावी लागते, कारण १३ जीबीची सलग फाईल साध्या आयएसओ ९६६० रचनेत नीट बसत नाही. पहिल्या चार डिस्क ४एक्स वेगाने लिहून, ड्राइव्हमधून काढून, दुसऱ्या संगणकावर वाचून हॅश (फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवले, चारही जुळले. पाचवी अर्ध्यावर वाया गेली, कारण बाहेरचा ड्राइव्ह एकाच यूएसबी तारेवर चालवला होता आणि लिहिताना त्याला वीज पुरली नाही. आता दुहेरी तार लावली आहे. त्या डिस्कवर रहाडीची कॅसेट होती. ती फाईल आज रात्री पुन्हा लिहायला लावणार आहे.