लॅब बिल्डिंगला सब-मीटर बसवताना आलेला माझा अनुभव

मीटर घेणं, बसवणं, ग्राफ काढणं हे सगळं सोपं आहे हो, जीव गेला तो शटडाऊनच्या (वीज बंद ठेवण्याच्या) परवानगीत, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

आमच्या अख्ख्या कॅम्पसला एकच एचटी (हाय टेन्शन, म्हणजे मुख्य लाइनचा) मीटर. त्यातली लॅब बिल्डिंग किती वीज खाते हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून मजल्यामजल्याला आणि एएचयू (थंड हवा आत सोडणारं यंत्र), एक्झॉस्ट फॅन यांना वेगळे सब-मीटर लावायचं ठरलं, डायरेक्टर सरांनी लगेच सही केली, पैसेही मंजूर झाले, आणि फाइल इलेक्ट्रिकल सेक्शनला जाऊन बसली ती बसलीच.

त्यांचं म्हणणं, पॅनेलमध्ये सीटी (केबलभोवती बसून करंट मोजणारे ट्रान्सफॉर्मर) टाकायचे तर शटडाऊन लागणार, आणि शटडाऊन हवा तर प्रत्येक लॅबची लेखी ना हरकत आणा. आता कोणाचं पीसीआर चालू, कोणाची उणे 80 च्या फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षांची सॅम्पल्स, कोण सही देणार? ज्यांनी दिली त्यातल्याच एकांनी मग तारीख बदला म्हणून सांगितलं, की परत सगळ्यांचे उंबरठे झिजवा. क्लार्कना विचारलं तर "साहेबांच्या टेबलावर आहे मॅडम", साहेबांना विचारलं तर "खाली चौकशी करा". एकदा तर फाइल परत आली ती "खर्च कोणत्या हेडखाली ते स्पष्ट करावे" एवढ्या शेऱ्यावर, आणि हेड पहिल्याच पानावर टाइप केलेलं! अजून आठवलं की डोकं फिरतं. इकडे रोज रात्री रिकाम्या लॅबमध्ये एक्झॉस्टचे पंखे फुल स्पीडला.

सुटलं ते आमच्या वायरमन काकांमुळे. म्हणाले, "मॅडम, रिंगवाले कशाला, स्प्लिट कोअर मागवा, केबल सोडावीच लागत नाही." हे सीटी मधून उघडतात, केबलभोवती घालून मिटायचे. व्होल्टेजच्या तारा जोडायला एकेक फीडर (पॅनेलमधून निघणारी लाइन) थोडा वेळ बंद ठेवला, फ्रीझर तेवढ्यापुरते जनरेटरवर. टिपणी बदलली आणि सगळ्यांच्या ना हरकतीचा विषयच संपला. तुम्ही टेंडरमध्येच स्प्लिट कोअर लिहा, आणि मीटरला आरएस-485 पोर्ट (रीडिंग तारेने कॉम्प्युटरला पाठवणारं) मागा, नाहीतर वहीत रीडिंग उतरवत बसाल.

ग्राफ बघितला तर रात्री दोनचा लोड दुपारच्या जेमतेम खाली. लॅबमध्ये ऑफिससारखी तीच हवा फिरवत नाहीत, फ्यूम हूडने (केमिकलची वाफ ओढून घेणारं काचेचं कपाट) ओढलेली थंड हवा थेट गच्चीवरून बाहेर जाते आणि तेवढीच बाहेरची गरम हवा आत घेऊन पुन्हा थंड करावी लागते. फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून रात्रीचा वेग 20 टक्के उतरवला, पॉवर जवळपास निम्मी झाली, कारण ती वेगाच्या घनात बदलते. हे सेफ्टी ऑफिसरना विचारून आणि हूडच्या तोंडाशी हवेचा वेग मोजूनच करा, केमिकल कपाटांचा एक्झॉस्ट आम्ही हातच लावला नाही. हूडची काच खाली ओढल्याने वीज वाचते ती व्हीएव्ही (काच खाली येईल तशी हवा कमी करणारी) सिस्टीम असेल तरच, पण सुरक्षेसाठी खाली हवीच. वीज वाचावी म्हणून फ्रीझर उणे 70 वर आणायला अजून सगळे तयार नाहीत, निदान फिल्टरची धूळ आणि दाराच्या रबरावरचा बर्फ तरी काढा, कॉम्प्रेसरला लगेच आराम पडतो.

आणि हो, सीटीवर बाण असतो, तो उलटा लागला की त्या फेजचं रीडिंग मायनस येतं आणि बेरीज चुकते. तिन्ही फेजचं किलोवॅट समोर उभं राहून बघा, मगच कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर सही करा.