घरी शिकणाऱ्या मुलाला श्रेणी कधी द्यावी, कधी देऊ नये

मूल शाळेत जात नाही हे कळलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "का बरं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मग परीक्षेचं काय?" पहिल्याचं उत्तर आईवडिलांकडे तयार असतं, गडबड होते ती दुसऱ्यापाशी. काही घरांत कॉम्प्युटरवर प्रगतिपुस्तक तयार करून पहिलीपासूनच अ-1, ब-2 भरायला सुरुवात होते. काही घरांत याच्या अगदी उलट, दहावीचा अर्ज भरायची वेळ येते तरी मुलाने घड्याळ लावून एकही पेपर सोडवलेला नसतो.

आमचं मत असं: साधारण अकरा वर्षांपर्यंत श्रेणी नको, नोंद हवी. पहिल्या बाहेरच्या परीक्षेआधीची दोन वर्षं गुण जरूर द्यावेत, पण त्याच परीक्षेच्या मापाने. या दोन्हींच्या मधली वर्षं मुलाने स्वतःचं काम स्वतः तपासायला शिकण्याची.

शाळेला श्रेणी लागते याला कारण आहे. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात, पुढच्या वर्षी शिक्षक बदलतात, पालक वर्गात बसलेले नसतात. जो समोर नव्हता त्याला थोडक्यात कळवायची ती सोय आहे. घरी शिकवणारा आणि निकाल वाचणारा माणूस एकच. मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नाही हे आईला मंगळवारीच कळलेलं असतं. महिनाअखेरीस त्याला 'क-1' म्हटल्याने तिच्या माहितीत काही भर पडत नाही. मुलाला मात्र एक गोष्ट कळते, की आई आता परीक्षक झाली. मग ते न आलेलं गणित लपवू लागतं. मूल न लाजता "मला हे कळलं नाही" म्हणतं हा घरी शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा, तोच हातचा जातो.

संशोधक रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. वहीत "रीत बरोबर, शेवटची पायरी पुन्हा बघ" असं लिहून शेजारी 6/10 टाकलं की मूल सहा वाचतं आणि वही मिटतं.

गंमत म्हणजे शाळाही कागदावर तरी नुसत्या परीक्षेवर चालत नाहीत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला आणि 30 टक्के संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला. तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला 50-50, सातवी-आठवीला 40-60. आकारिकसाठी आठ साधनं सांगितली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. या सगळ्याची बेरीज 91 किंवा जास्त झाली तर अ-1, 81 ते 90 ला अ-2, असं उतरत 33 ते 40 ला ड. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली, ते वेगळं. घरी यातली आठ साधनं जशीच्या तशी उचलावीत आणि श्रेणीचा तक्ता शाळेतच राहू द्यावा.

नोंद ठेवायची कशी

मुलामागे एक दोनशे पानी लाँगबुक पुरे. आठवड्याला एक पान. तारीख, मग तीन रकाने: काय केलं, किती मदत लागली, पुरावा कुठे आहे. मदतीच्या रकान्यात तीनच खुणा ठेवा. 'म' म्हणजे बरोबर बसून करून घेतलं, 'थ' म्हणजे एखादा इशारा पुरला, 'स्व' म्हणजे स्वतः केलं. "छान", "प्रगती चांगली" असले शब्द वहीत येऊच देऊ नयेत, सहा महिन्यांनी त्यांवरून काहीही कळत नाही. "1224 ला 3 ने भागताना मधला शून्य खाल्ला, उत्तर 48" असं लिहिलेलं मात्र वर्षानंतरही उपयोगी पडतं. रोज रात्री चार ओळी लिहाव्यात, दहा मिनिटांचं काम आहे. आठवड्याभराचं रविवारी एकदम लिहायला बसलं की आठवतं ते फक्त कौतुक किंवा फक्त भांडण.

पुराव्याची फाईल वेगळी. दर महिन्याला प्रत्येक विषयाचे तीन कागद: एक चांगला जमलेला, एक फसलेला, एक मुलाने स्वतः निवडलेला. मागे तारीख आणि मदतीची खूण. फेअर केलेला कागद फाईलला लावू नका. खाडाखोडीतच विचार कुठे वळला ते दिसतं, आणि फेअरमध्ये नेमकं तेच पुसलं जातं. पाच विषय धरले तर वर्षाचे 180 कागद होतात. जूनमध्ये निम्मे काढून टाकावेत, नाहीतर तिसऱ्या वर्षी फाईल उघडायचाच कंटाळा येतो.

वाचनासाठी बालभारतीच्या पुस्तकातला आधी न वाचलेला उतारा घ्या. एक मिनिट वाचायला लावा, फोनवर रेकॉर्ड करा, बरोबर वाचलेले शब्द मोजा. मग उताऱ्यावर तीन प्रश्न. तीन महिन्यांनी तोच उतारा आणि शेजारी एक नवा. शब्द वाढले पण प्रश्न चुकले तर फक्त जीभ सुटली आहे. जुन्या उताऱ्यावर वेग वाढला आणि नव्यावर नाही, तर जुना पाठ झाला आहे.

गणिताला दर पंधरा दिवसांनी दहा उदाहरणं: चार चालू धड्यातली, तीन गेल्या महिन्यातली, तीन त्याच्याही आधीची. शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच सगळं येतं, खरं ते तीन आठवड्यांनी उरलेलं. किती बरोबर आली याची बेरीज करू नका. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: समज, हातचा, वाचन किंवा घाई. सलग तीन वेळा 'वाचन' आलं तर गणित पुन्हा शिकवून उपयोग नाही. शाब्दिक उदाहरणं मोठ्याने वाचून घ्या आणि काय विचारलंय ते मुलाला आपल्या शब्दांत सांगायला लावा.

भाषेबद्दल सोलापुरात जास्त जपावं लागतं. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि पुस्तक मराठीत. बाष्पीभवन म्हणजे काय ते आजीला तेलुगूत नीट समजावून देणारं मूल मराठीत लिहिताना दोन ओळींत आटोपतं. विज्ञानाला एकच श्रेणी दिली तर विज्ञान कच्चं दिसेल, कच्चं असेल ते मराठी लेखन, आणि मेहनत भलतीकडेच होईल. म्हणून नोंदीत दोन रकाने करा: विषय कळला का, आणि मराठीत मांडता आला का. पहिला रकाना तोंडी, घरच्या भाषेत तपासा. दुसऱ्याची घाई नको, पण तो रिकामाही ठेवू नका. शेवटी बाहेरच्या परीक्षेत उत्तर लिहूनच द्यायचं आहे, आणि तेही तिथे निवडलेल्या माध्यमात.

प्रकल्पांत आणखी एक फसगत. गड्ड्याच्या यात्रेवर किंवा भुईकोट किल्ल्यावर प्रकल्प केला की नजर जाते कार्डशीटवर आणि कापलेल्या थर्माकोलवर, जो बहुतेकदा आईनेच कापलेला असतो. प्रकल्प संपल्यावर दोन दिवसांनी, समोर काहीही न ठेवता, पाच प्रश्न तोंडी विचारा. जे सांगता येईल तेवढंच वहीत लिहा.

मधली वर्षं

अकरा-बाराच्या पुढे मुलाच्या हाती उत्तरसूची द्यावी. वीस गुणांची छोटी चाचणी मुलाने सोडवायची, वेगळ्या रंगाच्या पेनाने स्वतःच तपासायची आणि गुण स्वतःच टाकायचे. तुम्ही वेगळ्या चिठ्ठीवर तपासा. त्याने स्वतःला 17 दिले आणि तुमचे 12 निघाले, तर मधल्या पाच गुणांवर बोलायचं. बाकीचं सोडून द्या. सुरुवातीला फरक मोठा असतो, कारण उत्तर "जवळपास आलं" की मुलं पूर्ण गुण देतात. काही मुलं उलटी, सगळंच चुकलं म्हणून मोकळी होतात. त्यांना आधी बरोबर आलेल्या पायऱ्यांवर टिक करायला लावा. तुमचा आणि मुलाचा आकडा सलग काही चाचण्यांत एका-दोन गुणांच्या आत आला, की ते गुण पेलायला तयार आहे.

गुण द्यायची ती वर्षं

आता परीक्षा कोणती ते ठरायलाच हवं, कारण मापं वेगवेगळी आहेत.

राज्य मंडळाची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे 17 नंबरचा फॉर्म भरून देता येते. आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. भाषेचा पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा, शिवाय 20 गुण तोंडी आणि अंतर्गत. गणिताचे दोन भाग, प्रत्येकी 40 गुण, दोन-दोन तास. पास व्हायला 35. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्यामुळे शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मुलासाठी बरेच पालक एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळतात.

एनआयओएसच्या दहावीला किमान वय 14. मराठी माध्यम घेता येतं. प्रमाणपत्रासाठी पाच विषय, पास व्हायला 33 टक्के, आणि 20 टक्के भार घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, तेवढ्यात नऊ संधी, आणि एका वेळी एक-दोनच विषय दिले तरी चालतं. म्हणून इथे पाचही विषयांची 'वार्षिक परीक्षा' घरी घेण्यात अर्थ नाही. आधी देणार असलेल्या दोन विषयांचीच घ्या. राज्याचं वेगळं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्यात पाचवी आणि आठवीचेही स्तर आहेत.

सराव पेपर मंडळाच्या मागच्या प्रश्नपत्रिकांतूनच काढा. घरी रचलेल्या पेपरमध्ये शिकवणाऱ्याला जे आवडतं तेच येतं. पहिल्या सत्रात पुस्तक उघडं आणि वेळ मोकळा, दुसऱ्यात पुस्तक बंद पण वेळ मोकळा, तिसऱ्यापासून घड्याळ. पहिल्याच दिवशी घड्याळ लावलं तर मूल घाबरलं की अडलं हे कळायला मार्ग राहत नाही.

तपासणी मात्र आईवडिलांनी करू नये. "त्याला म्हणायचं होतं ते मला कळतं" म्हणून गुण सुटत जातात, आणि परीक्षकाला ते कळणार नसतं. घरी शिकवणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाशी पेपरांची अदलाबदल करा किंवा ओळखीच्या निवृत्त शिक्षकांना विनंती करा. उत्तरपत्रिकेवर नाव नको, सोबत मंडळाची गुणविभागणी द्या. निकाल त्याच दिवशी सांगू नका, आणि भावंडांचे आकडे एका कागदावर कधीच नकोत. पेपर पुन्हा द्यायला हरकत नाही, पण पहिला आकडा खोडू नका, दोन्ही तारखांसह ठेवा.

वेळेचंही बघा. राज्य मंडळाचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी अकराला असतो. एनआयओएसचे बहुतेक पेपर दुपारी, आणि एप्रिल-मेची दुपार म्हणजे इथे पारा 42 च्या आसपास. सराव सकाळी गार वाऱ्यात आणि परीक्षा भर उन्हात, हे जमत नाही. निदान चार पेपर दुपारी अडीचला सोडवून घ्या, किंवा सरळ ऑक्टोबर धरा.

घरच्या प्रगतिपत्रकाचं काय

ते करायचंच असेल तर आजीआजोबांसाठी करा. त्याला कायदेशीर किंमत शून्य आहे. त्यावर शिक्का, "उत्तीर्ण" हा शब्द, इयत्तेचा दाखला असलं काही घालू नका. उद्या कुणी ते शाळेत दाखवलं तर संशय मुलावर येतो. लग्नकार्यात "किती टक्के पडले?" विचारणाऱ्या मामांना तर प्रगतिपत्रकानेही समाधान होत नाही, त्यांना पुढचा प्रश्न असतोच.

मधेच शाळेत घालायचं ठरलं तर 6 ते 14 वयात कायदा बाजूने आहे. प्रवेश वयानुसारच्या वर्गात मिळतो, प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही, आणि जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नववीपासून मात्र मागच्या इयत्तेची कागदपत्रं मागतात आणि घरच्या श्रेणी तिथे चालत नाहीत, म्हणून परत शाळेत जायचा विचार असेल तर तो आठवीच्या आत करावा. वर्गशिक्षकांसाठी एक पानभर लिहून न्या: मराठीत कोणत्या पुस्तकापर्यंत वाचतं, गणितात कुठवर 'स्व' आहे आणि कुठे अजून 'थ', इंग्रजीत काय लिहिता येतं, घरी कोणती भाषा. सोबत फाईलमधले सहा कागद पुरेत, तीन गणिताचे आणि तीन लेखनाचे, एखादा फसलेलाही असू द्या. 180 नकोत.